कांबळे आडनावाचा थोर पूर्वज : शिवराम जानबा कांबळे

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी हे चार शब्द लिहीत आहे. मी काही हाडाचा लेखक नव्हे. गिरणीत मशिनवर उभा राहणारा कामगार. पाळी सुटल्यावर जे वाचलं, सभा-शिबिरांत जे ऐकलं आणि डोक्यात राहिलं, तेच मांडतो आहे. चुकलं-माकलं तर समाजबांधवांनी पदरात घ्यावं.

या लेखाला एक कारण घडलं, ते आधी सांगतो. आपल्याच गल्लीतला एक पोरगा. शिकलेला, हुशार. एके दिवशी संध्याकाळी वंदना झाल्यावर विहाराच्या पायरीवर माझ्याजवळ येऊन बसला. हातात कागद होता. आडनाव बदलण्याचा अर्ज. गॅझेटला द्यायचा होता आणि त्याच्या कामासाठी माझी मदत हवी होती. मी म्हटलं, बाबा, काय झालं? तर म्हणाला की काका, परगावी नोकरी लागली, खोली बघायला गेलो, घरमालकानं नाव विचारलं, मी नाव सांगितलं. मग त्यानं आडनाव विचारलं. कांबळे म्हटल्यावर खोली कालच दुसऱ्याला दिली असं उत्तर मिळालं. दुसऱ्या ठिकाणी तेच, तिसऱ्या ठिकाणीही तेच. म्हणून आता गावाच्या नावाला कर लावून नवं आडनाव घेणार.

मी त्याला लगेच नको म्हटलं नाही. कसं म्हणू? मीसुद्धा कांबळेच आहे. तरुणपणी मलाही खोली नाकारली गेली होती आणि त्या दिवशी मीही रस्त्याच्या कडेला बसून हाच विचार केला होता. फक्त एवढंच विचारलं की हे आडनाव टाकण्यापूर्वी ते कुणी-कुणी लावलं होतं, हे तुला माहीत आहे का? त्यानं गंगाराम कांबळे यांचं नाव घेतलं. कोल्हापूरचा पोरगा, तेवढं माहीत असणारच. मी म्हटलं, आणि शिवराम जानबा कांबळे? तो गप्प राहिला. त्याच्या दोन मित्रांना विचारलं, तेही गप्प. तेव्हा ठरवलं की या वर्षीच्या स्मरणिकेत या महापुरुषाचं चरित्र लिहायचंच.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात कांबळे किती आहेत याची मोजदाद नाही. एका वस्तीत पोस्टमननं कांबळे म्हणून हाक मारली तर दहा दारांतून माणसं बाहेर येतात. शाळेच्या हजेरीपटावर ओळीनं कांबळेच. बौद्धांत कांबळे आहेत, मातंगांत आहेत, चर्मकारांत आहेत. मराठीत कांबळं म्हणजे घोंगडं. आता हे आडनाव त्या शब्दावरूनच पडलं का, या वादात मी शिरत नाही. पण घोंगड्याचा गुण सगळ्यांना ठाऊक आहे. पावसात तेच डोक्यावर, थंडीत तेच अंगावर आणि रात्री तेच अंथरूण. गरिबाचा आधार. ज्याच्या अंगावर ते असेल त्याला गावानं हलकं मानलं, पण त्या घोंगड्यानं कुणाला उघडं पाडलं नाही.

शिवराम जानबा कांबळे यांचा जन्म १८७५ सालचा. कर्मभूमी पुणे. पुणे कसलं, तर पेशवाईची राजधानी राहिलेलं. पेशवाई बुडाली १८१८ साली. म्हणजे शिवराम जन्मले तेव्हा मधे सत्तावन्न वर्षंच गेली होती. पुण्याच्या रस्त्यावर गळ्यात गाडगं आणि कमरेला झाडू बांधून चालावं लागल्याची आठवण महारवाड्यांतून ताजी होती. दुसऱ्या बाजूला त्याच पुण्यात महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीमाई यांनी अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या होत्या, १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला होता. जोतीराव गेले १८९० साली, तेव्हा शिवराम पंधरा वर्षांचे होते. म्हणजे अंधार आणि दिवा, दोन्ही एकाच गावात, आणि पोरगा त्या दोहोंच्या मधे वाढत होता.

शिवरामांची नोकरी कसली? तर पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलरची. साहेब लोक तिथं जमायचे, बैठका व्हायच्या, जेवणावळी व्हायच्या. टेबल मांडायचं, वाढायचं, भांडीकुंडी सांभाळायची, साहेबाच्या हाकेला ओ द्यायची. हे काम करणाऱ्या माणसाकडून समाज काय अपेक्षा करणार? नोकरी सांभाळावी, बायकापोरं पोसावीत, साहेबाची मर्जी राखावी. पण या बटलरला वाचनाचं वेड होतं. जोतीरावांचं लिखाण, लोकहितवादींचं लिखाण, बाबा पदमनजींचं लिखाण त्यांनी वाचून काढलं. कुठली मोठी पदवी नाही, पाठीशी कुठला धनिक नाही. वाचता-वाचता त्यांच्या लक्षात आलं की आपली ही अवस्था देवानं केलेली नाही, माणसांनी केलेली आहे. आणि माणसांनी केलेली गोष्ट माणसांना मोडता येते.

मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्याकडं अजून बरेच जण म्हणतात की आमचं शिक्षण नाही, आम्ही कामगार माणसं, आम्ही काय चळवळ करणार? त्यांनी या बटलरकडं बघावं. दिवसभर दुसऱ्याची ताटं उचलणारा माणूस रात्री आपल्या समाजाचा हिशोब मांडत बसायचा.

त्या वेळचा मोठा प्रश्न होता लष्करभरतीचा. इंग्रज कंपनीच्या मुंबई पलटणीत महार शिपायांची मोठी संख्या होती. लष्करात गेलं की पोटाला भाकरी मिळायची, लिहा-वाचायला मिळायचं, अंगावर कपडा यायचा, मान ताठ व्हायची. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करातूनच पुढं आले. पण १८९२ च्या सुमारास इंग्रज सरकारनं महारांची भरती बंद केली. लढाऊ जाती आणि बिगर-लढाऊ जाती असा नवा भेद त्यांनी काढला आणि पिढ्यान्-पिढ्या रक्त सांडणाऱ्यांना बिगर-लढाऊ ठरवलं. समाजाला वर यायचा एकच जिना होता, तोही काढून घेतला. या अन्यायाविरुद्ध पहिल्यांदा आवाज उठवला तो कोकणातले निवृत्त लष्करी हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी. त्यांचं निधन १९०० साली झालं. त्यांनी पेटवलेली मशाल पुण्यात शिवरामांनी हातात घेतली.

पुरंदर तालुक्यातल्या सासवडला शिवरामांनी महारांची सभा बोलावली. एक्कावन्न गावांतली माणसं जमली. बांधवांनो, जरा विचार करा. तेव्हा एस.टी. नव्हती, फोन नव्हता. गावकीची कामं महाराच्या गळ्यात. सरकारी सारा पोचवायचा, सांगावे न्यायचे, मेलेली जनावरं ओढायची, रात्रीची राखण करायची. एक दिवस माणूस गावातून हलला तर पाटलाची शिवी आणि बलुत्याला खोट. तरी एक्कावन्न गावांतली माणसं आली. सभेनंतर मुंबई सरकारकडं अर्ज गेला. त्यावर दीड हजारांहून जास्त महारांच्या सह्या होत्या. मागणं काय होतं? आमच्या मुलांना शाळेत बसू द्या, आम्हाला पोलिसात घ्या, लष्करात घ्या, सरकारी नोकरीचं दार उघडा. आजच्या पोरांना यात विशेष वाटणार नाही. पण ज्या माणसाला सावली पडू नये म्हणून बाजूला व्हावं लागायचं, त्यानं सरकारच्या दारात कागद घेऊन उभं राहणं, हे त्या काळी बंडच होतं.

सरकारनं ती मागणी मानली नाही. शिवराम निराश झाले नाहीत. १९०४ साली त्यांनी पुण्यात श्री शंकर प्रासादिक सोमवंशीय हितचिंतक मित्र समाज ही संस्था काढली. नावात शंकर आहे, सोमवंशीय आहे, याचं काही बौद्ध बांधवांना वाईट वाटेल. पण काळ बघा. धर्मांतराची वाट अजून कुणी दाखवली नव्हती. महार म्हणून घेण्यापेक्षा आम्ही सोमवंशीय आहोत, आमचाही वंश आहे, असं सांगून समाज मान वर करू पाहत होता. बघा, नावाचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. आजच्या पोरालाच तो पडलाय असं नाही.

मग आला १ जुलै १९०८ चा दिवस. या दिवशी शिवरामांनी सोमवंशीय मित्र हे मासिक सुरू केलं. अस्पृश्य माणसानं स्वतः संपादक होऊन आपल्या समाजासाठी चालवलेल्या सुरुवातीच्या मराठी नियतकालिकांत त्याचं स्थान फार वरचं आहे. बाबासाहेबांचं मूकनायक निघालं ३१ जानेवारी १९२० ला. त्याच्या साडेअकरा वर्षं आधी हा बटलर मासिक काढत होता. वाचणारे मूठभर. वर्गणी देणारे त्याहून कमी. छपाई, कागद, टपाल, सगळ्याला पैसा लागतो. आपल्या विहाराची ही एक स्मरणिका वर्षातून एकदा काढायची तर आपल्याला किती दारं हिंडावी लागतात, जाहिरातीसाठी किती दुकानांच्या पायऱ्या चढाव्या लागतात, हे कार्यकर्त्यांना विचारा. शिवरामांनी ते काम दर महिन्याला केलं आणि सुमारे तीन वर्षं रेटून नेलं.

या मासिकातलं सगळ्यात धाडसाचं काम म्हणजे मुरळी-जोगतिणींचा प्रश्न. हा विषय आपल्या कोल्हापूरकरांना सांगायला नको. जेजुरीच्या खंडोबाला मुरळी सोडायच्या, सौंदत्तीच्या यल्लमाला जोगतिणी सोडायच्या. पोरीच्या केसांत जट आली, पोर आजारी पडली, घरात मुलगा होत नाही, झालं, सोडा पोरगी देवाला. गळ्यात माळ पडली की ती देवाची म्हणायची आणि गावातल्या धनदांडग्यांनी तिचा उपभोग घ्यायचा. आपल्याच समाजातल्या लेकी यात जास्त बळी गेल्या. आपल्यापैकी कितीतरी घरांत एखादी आत्या, एखादी मावशी अशी होऊन गेली, आणि तिचं नाव आपण पाहुण्यांसमोर घेत नाही. शिवरामांनी आपल्या मासिकातून समाजाच्या या जखमेवर बोट ठेवलं. दुसऱ्यांच्या अन्यायावर लिहिणं सोपं असतं, आपल्या घरातल्या घाणीवर लिहायला छाती लागते. त्यांनी समाजाला बजावलं की पोरी देवाला सोडू नका आणि तरुणांनी या बहिणींशी लग्नं करावीत.

त्याचा परिणाम झाला. शिवूबाई लक्ष्मण जाधव या मुरळी भगिनीनं स्वतःची व्यथा पत्र लिहून मासिकाकडं पाठवली आणि ती छापून आली. त्या काळात अस्पृश्य समाजातली, त्यातून देवाला सोडलेली बाई वर्तमानपत्रात लिहिते, ही केवढी मोठी गोष्ट! आणि नुसतं लिहून थांबलं नाही. शिवरामांचे सहकारी गणपतराव हणमंतराव गायकवाड यांनी शिवूबाईंशी रीतसर विवाह केला. साल होतं १९०९. शब्दाला कृतीची जोड म्हणतात ती ही. आपल्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९२० साली जोगत्या-मुरळी प्रथेविरुद्ध कायदा केला आणि मुंबई सरकारचा देवदासी कायदा आला १९३४ साली. पण त्याआधी कितीतरी वर्षं एका कांबळ्यानं ही वाट तुडवली होती, हे विसरता कामा नये.

लष्करभरतीचा पिच्छाही त्यांनी सोडला नव्हता. १९१० साली जेजुरीला दख्खनच्या महारांची परिषद भरवली आणि या खेपेला अर्ज मुंबईला नव्हे, थेट विलायतेला, भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडं पाठवला. आपल्या पूर्वजांनी कंपनीच्या पलटणीत गाजवलेल्या पराक्रमाचा दाखला देऊन पोलीस, लष्कर आणि सरकारी खात्यातल्या खालच्या जागा तरी आम्हाला खुल्या करा, अशी मागणी केली. लगेच फळ मिळालं नाही. पण पहिलं महायुद्ध पेटलं आणि माणसांची गरज लागली, तेव्हा १९१७ साली इंग्रजांना महारांची पलटण उभारावी लागली. गरज सरल्यावर १९२१ साली ती मोडली. पुढं १९४१ साली, बाबासाहेबांच्या प्रयत्नांमुळं, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजही भारतीय सैन्यात मानानं आहे. आपल्या भागातले कितीतरी जवान त्या रेजिमेंटमधून निवृत्त होऊन आले. त्यांच्या पेन्शनीच्या मुळाशी गेलात तर तिथं गोपाळबाबांचा आणि शिवरामांचा अर्ज सापडेल.

त्याच काळात आपल्या कोल्हापुरात काय चाललं होतं, तेही इथं सांगितलं पाहिजे. १९०२ साली शाहू महाराजांनी २६ जुलैला मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा काढला. पुढं गंगाराम कांबळे यांचं प्रकरण घडलं. गंगाराम हे महाराजांच्या पागेतले नोकर. तिथं स्पृश्यांसाठी राखलेल्या हौदातल्या पाण्याला ते शिवले म्हणून इतर नोकरांनी त्यांना गुरासारखं मारलं. महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परत आल्यावर गंगाराम यांनी पाठ दाखवली. महाराजांनी मारणाऱ्यांना स्वतःच्या हातानं शिक्षा केली आणि गंगाराम यांना नोकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. भाऊसिंगजी रोडवर गंगाराम यांनी चहाचं हॉटेल काढलं, नाव ठेवलं सत्यसुधारक. पण महाराच्या हातचा चहा पिणार कोण? गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. राजानं कप तोंडाला लावल्यावर बाकीच्यांना नाही म्हणता येईना. ६ मे १९२२ ला महाराज गेल्यावर गंगाराम यांनी आणि आपल्या समाजानं नर्सरी बागेत १९२५ साली महाराजांचं स्मारक उभारलं. आजच्या पोराला खोली नाकारली जाते, गंगाराम यांचा चहा नाकारला जात होता. पण त्यांनी पाटीवर दुसऱ्या जातीचं नाव टाकून चहा विकला नाही.

माणगाव परिषद २१ आणि २२ मार्च १९२० ला झाली. बाबासाहेब अध्यक्ष होते आणि शाहू महाराजांनी तिथं जाहीर केलं की अस्पृश्यांना त्यांचा खरा पुढारी मिळाला. इथून नवं युग सुरू झालं. आणि इथंच शिवराम जानबांच्या मोठेपणाची खरी परीक्षा झाली.

शिवराम १८७५ चे, बाबासाहेब १८९१ चे. सोळा वर्षांचं अंतर. बाबासाहेब शाळेत जायचे तेव्हापासून शिवराम चळवळीत. सभा त्यांनी घेतल्या, अर्ज त्यांनी केले, मासिक त्यांनी काढलं. आपल्याकडं काय होतं बघा, जुना पुढारी नव्याला खुर्ची सोडत नाही. गल्लीतल्या मंडळाचं अध्यक्षपद सोडायचं तरी दोन गट पडतात, एकाचे दोन मंडळ होतात. शिवरामांनी तसं केलं नाही. हा विलायतेहून शिकून आलेला तरुण आपल्याहून फार पुढं जाणार, समाजाला हाच नेणार, हे ओळखून ते त्याच्या पाठीशी उभे राहिले.

१ जानेवारी १९२७ ला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभापाशी सभा झाली. बाबासाहेब तिथं अभिवादनासाठी आले. ती सभा घडवून आणण्यात शिवराम जानबांचा पुढाकार होता. १ जानेवारी १८१८ ला तिथं पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली आणि स्तंभावर कोरलेल्या मृतांच्या नावांत नाक या अखेरीची बावीस नावं महार शिपायांची आहेत. तो दगड तिथं शंभर वर्षं उभा होता, पण समाजाला त्याची ओळख राहिली नव्हती. आज लाखो लोक तिथं जातात, आपल्या गल्लीतून दर वर्षी गाड्या जातात. जाताना एकदा या माणसाचं नाव घ्या, एवढीच विनंती. त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला.

१३ ऑक्टोबर १९२९ ला पुण्यात पर्वतीचा सत्याग्रह सुरू झाला. पर्वती म्हणजे पेशव्यांचं देवस्थान. तिथं अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज यांच्या पुढारपणाखाली सत्याग्रही निघाले. तेव्हा शिवराम चोपन्न वर्षांचे होते. माझ्याच वयाचे म्हणा ना. या वयात मला विहाराचा जिना चढताना गुडघा धरावा लागतो. ते पर्वतीच्या पायऱ्यांकडं निघाले आणि वरून दगड आले. सत्याग्रहींवर दगडफेक झाली, राजभोज जखमी झाले. दार उघडलं नाही. बाबासाहेबांनी मुंबईत सभा घेऊन या सत्याग्रहाला पाठिंबा दिला. जानेवारी १९३० पर्यंत तो चालला. पुढं २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला.

कुणी म्हणेल, आपण बौद्ध, आपल्याला देवळाचं काय? बरोबर आहे. पण पर्वतीवर दगड खाणाऱ्यांना देवाच्या दर्शनाची हाव नव्हती. आम्ही माणूस आहोत की नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. ते दार उघडलं नाही, काळारामाचं दार उघडलं नाही, म्हणूनच १९३५ साली येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्माचं दार उघडलं. पर्वतीच्या पायऱ्या चढल्या नसत्या तर दीक्षाभूमीची वाट सापडायला किती उशीर झाला असता, कुणास ठाऊक.

शिवराम जानबांचं निधन १९४२ साली झालं. दीक्षेचा सोहळा बघणं त्यांच्या नशिबी नव्हतं. संविधान बघायला मिळालं नाही, राखीव जागेतून कलेक्टर झालेली पोरं बघायला मिळाली नाहीत. त्यांच्या हयातीतच, १९३० साली, पुण्यातल्या ह. ना. नवलकर यांनी त्यांचं चरित्र लिहिलं, म्हणून इतकं तरी आपल्या हाती लागलं. नाहीतर आपल्या किती माणसांची नावं मातीत गेली, ते मोजायला कोण आहे?

त्यांचे दोष सांगायचेच तर सांगावेत. त्यांनी इंग्रज सरकारवर भिस्त ठेवली, अर्ज-विनंत्यांची भाषा वापरली, हिंदू धर्मातच जागा मागितली. हे सगळं खरं. पण वीट रचणाऱ्याला कळस का नाही बांधला असं विचारता येत नाही. खालची वीट बघायला मिळत नाही, पण कळसाचं वजन तीच झेलते.

त्यांच्यानंतर हे आडनाव लावणारे आणखी किती झाले, ते थोडक्यात सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या पलूसचे बापू चंद्रसेन तथा बी. सी. कांबळे १९५७ आणि १९७७ साली लोकसभेत निवडून गेले आणि त्यांनी बाबासाहेबांचं समग्र चरित्र अनेक खंडांत लिहिलं. सोलापूर जिल्ह्यातल्या महूदच्या शांताबाई कांबळे मास्तरीण झाल्या आणि त्यांचं माज्या जल्माची चित्तरकथा हे आत्मकथन १९८६ साली पुस्तकरूपानं आलं. त्यांचे चिरंजीव अरुण कांबळे दलित पँथरचे नेते आणि कवी. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकानाच्या गल्ल्यावर बसून, घरच्यांपासून चोरून लिहायच्या, त्यातून जिणं आमुचं हे पुस्तक झालं. ठाण्याला २०१० साली भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष उत्तम कांबळे. एकाही माणसाला हे आडनाव आडवं आलं नाही असं मी म्हणत नाही. आडवं आलंच. पण आडवं आलेलं ओलांडून ते पुढं गेले.

हे सगळं त्या पोराला सांगितल्यावर त्यानं मला एक बिनतोड प्रश्न विचारला. म्हणाला की काका, बाबासाहेबांचंसुद्धा आडनाव बदललंच की. खरं आहे. घराण्याचं सकपाळ, आंबडवे गावावरून आंबडवेकर, आणि शाळेत झालं आंबेडकर. मी त्याला सांगितलं की बाळ, आडनाव बदलणं हा गुन्हा नाही. आपल्या समाजातल्या कितीतरी चांगल्या माणसांनी बदललं, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण बाबासाहेबांनी जात लपवायला नाव वापरलं नाही. सगळ्या जगाला ठाऊक होतं ते कोण आहेत, आणि ते स्वतःच आधी सांगत. तू बदल, पण घरमालकाच्या भीतीनं बदलू नकोस. कारण आज आडनाव विचारणारा उद्या गाव विचारेल, परवा घरात फोटो कुणाचा लावलाय ते बघेल. मग फोटो काढणार का? विहाराला यायचं थांबणार का? माणूस एकदा लपायला लागला की लपायच्या जागा कमी-कमी होत जातात.

त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला. फाडला नाही आणि दिलाही नाही. निर्णय त्याचा आहे, मी जबरदस्ती करणार नाही. मात्र पुढच्या रविवारी तो विहारात आला आणि सोमवंशीय मित्रचं नाव पुन्हा एकदा विचारून लिहून घेऊन गेला.

शेवटी विहाराच्या कार्यकर्त्यांना आणि उपासक-उपासिकांना एक सूचना करतो. आपल्या विहारात बाबासाहेबांच्या ग्रंथांचं कपाट आहे. त्यात एक फळी आपल्या पूर्वजांची ठेवावी. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे, गंगाराम कांबळे, शांताबाई, बेबीताई. रविवारच्या संस्कार वर्गात एकेका रविवारी एकेकाचं चरित्र मुलांना सांगावं. आणि ज्या घरात एखाद्या मुरळी-जोगतीण झालेल्या आत्या-मावशीचं नाव दडवून ठेवलं असेल, त्यांनी ते नाव यंदा पुण्यानुमोदनाच्या वेळी मोठ्यानं घ्यावं. शिवूबाईंनी १९०९ साली आपलं नाव छापून आणलं, आपण एवढ्या वर्षांनी उच्चारायला तरी का भ्यावं?

महामानवांस आणि या अनाम-सनाम सर्व पूर्वजांस कोटी-कोटी वंदन.

नमो बुद्धाय! जयभीम! जय शाहू!